मोडीतल्या गाडीच्या तापणाऱ्या लेदर सीट जुन्या गाडीत कशा बसवायच्या

मोडीत निघालेल्या गाडीचा पुढचा भाग चेपलेला असतो, इंजिन गेलेलं असतं, पण आतल्या लेदर सीट पुष्कळदा जवळपास नव्यासारख्या असतात. त्या आपल्या जुन्या गाडीत घालून सीट गरम करण्याची सोयही मिळवणं हे घरच्या घरी जमण्यासारखं काम आहे. नवख्या माणसाला वायरिंगची भीती वाटते. खरं तर सीटच्या आतली हीटरची गादी फार साधी असते. एक तार, तिच्यातून जाणारी वीज आणि ती वेळेवर बंद करणारा एक संवेदक, एवढंच. जास्त पारख लागते ती दुसरीकडे: सीट गाडीच्या तळाला किती भक्कम धरली जाते, आणि पट्टा नि एअरबॅग यांचं काय होतं. म्हणून आधी सीट बसते का ते बघा, मग ती सुरक्षित आहे का, आणि तापते का हे सगळ्यात शेवटी.

आधी मापं

सीट शोधायला निघण्यापूर्वी स्वतःच्या गाडीची मापं कागदावर उतरवा. पुढच्या दोन बोल्टांमधलं अंतर, मागच्या दोन बोल्टांमधलं अंतर आणि दोन्ही बाजूंना पुढून मागचं अंतर, सगळं मध्यापासून मध्यापर्यंत, मिलिमीटरमध्ये. मग चारही बिंदूंची उंची. जुन्या गाड्यांत हे चार बिंदू बहुधा एका पातळीत नसतात. दरवाजाकडचे उंबऱ्याच्या पत्र्यावर असतात आणि आतले टनेलच्या, म्हणजे गाडीच्या मधोमध जाणाऱ्या लांब उंचवट्याच्या, उतारावर. सरळ लाकडी पट्टी आडवी ठेवून प्रत्येक बिंदू तिच्यापासून किती खाली आहे ते मोजा. उंबरा ते टनेल ही रुंदी तळाशी आणि कुशनच्या उंचीवर अशी दोनदा घ्या.

इलेक्ट्रिक सीटच्या खाली मोटारी असतात, त्यामुळे ती साध्या सीटपेक्षा काही सेंटिमीटर उंच बसते. स्वतःच्या सीटवर बसून टाळू आणि छत यांत किती जागा आहे ते आधीच बघा. चार बोटांपेक्षा कमी असेल तर उंच सीट घेऊ नका, फोम कापून उंची कमी करायचा विचार तर नकोच. सीटच्या बाजूला बटणं असतील तर दरवाजा लावल्यावर तिथे हात शिरला पाहिजे, हेही याच वेळी तपासा.

सगळ्यात कमी त्रास आपल्याच मॉडेलच्या महागड्या आवृत्तीतल्या सीटचा. त्यानंतर त्याच कंपनीच्या, त्याच सांगाड्यावर बांधलेल्या दुसऱ्या गाडीच्या. निव्वळ दिसायला आवडली म्हणून घेतलेली सीट बसवायला सगळ्यात जास्त वेळ खाते.

सीट पारखताना

मोडीतली गाडी बघायला जाताना सोबत १२ व्होल्टची लहान बॅटरी, तिला २० अँपिअरचा फ्यूज लावलेल्या दोन वायरी, मल्टिमीटर, १३ ते १८ मिमीचे सॉकेट, टी-४५ आणि टी-५० टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचे पाने), लांब एक्स्टेन्शन, चिकटपट्टी, मार्कर आणि जाड हातमोजे न्या. फुटलेल्या काचेचे कण सीटच्या शिवणीत लपलेले असतात.

पहिली गोष्ट पाण्याची. रेलच्या, म्हणजे सीट ज्यांवर पुढेमागे सरकते त्या पट्ट्यांच्या, खालच्या बाजूला ताजा गंज, गाळाची रेघ, कुबट वास यांपैकी काहीही दिसलं तर ती सीट सोडा. त्या गाडीचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. पाणी शिरलेल्या गाडीत पट्ट्याच्या आतल्या गुंडाळ्यांवर चिखलाची रेघ राहते, वरून कितीही पुसलं तरी. दुसरी गोष्ट अपघाताची. पाठीच्या बाहेरच्या बाजूची शिवण उसवलेली असेल तर आतली एअरबॅग फुटलेली आहे. बकलचा दांडा शेजारच्या बकलपेक्षा आखूड झालेला असेल तर त्याचा प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारा भाग, उडालेला आहे. मागून धडक बसलेल्या गाडीत पाठीचा सांगाडा वाकलेला असू शकतो. सीट पुढेमागे सरकवून बघा: दोन्ही रेल सारख्या सरकल्या पाहिजेत आणि साध्या रेलचे खटके दोन्ही बाजूंना एकदम पडले पाहिजेत.

मग हीटर. सीटखालचा प्लग काढण्याआधी त्या गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि दहा मिनिटं थांबा. बॅटरी मेलेली वाटली तरी सोडवा. पिवळ्या प्लगमध्ये एअरबॅगच्या वायरी असतात. त्यांना मल्टिमीटर लावू नका, कारण मीटर रेझिस्टन्स मोजताना स्वतः थोडी वीज सोडतो.

हीटरच्या वायरी बाकीच्यांपेक्षा जाड असतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि आधी त्याचीच दोन टोकं एकमेकांना लावा. येणारा ०.२-०.३ ओहमचा आकडा पुढच्या प्रत्येक मापातून वजा करा, कारण इथे मोजायचंच मुळी एक-दोन ओहम असतं. कुशनची आणि पाठीची गादी प्रत्येकी साधारण १ ते ४ ओहम दाखवते. तापमान मोजणारा थर्मिस्टर वेगळ्या, बारीक वायरींवर असतो आणि काही हजार ओहम दाखवतो. बऱ्याच सीटमध्ये २५ अंशाला १० हजार ओहम असतात आणि हाताच्या उबेने आकडा खाली येतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. जुन्या पद्धतीच्या गाद्यांमध्ये थर्मिस्टरऐवजी द्विधातूचा थर्मोस्टॅट, म्हणजे दोन धातूंच्या पट्टीचा आपोआप तुटणारा स्विच, असतो. तो थंड असताना जोडलेला आणि गरम झाल्यावर तुटलेला असतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत सीट आधीच ४० अंशांच्या वर गेलेली असते. अशा वेळी मीटर सर्किट तुटल्याचं दाखवतो आणि चांगली गादी खराब म्हणून टाकून दिली जाते. सीट सावलीत काढून निवू द्या आणि पुन्हा मोजा. शेवटी हीटरची एक वायर आणि सीटचा लोखंडी सांगाडा यांच्यात मोजा. तिथे काहीच जोड दिसायला नको. आकडा आला तर आतली तार सांगाड्याला घासली आहे.

इलेक्ट्रिक सीट मधोमध अडकली असेल तर बोल्टांपर्यंत पाना पोहोचत नाही. सोबतच्या बॅटरीने थेट मोटारीच्या दोन वायरींना वीज द्या. उलट दिशेला न्यायची तर वायरी अदलाबदल करा. मोटार हललीच नाही तर पुष्कळ सीटमध्ये मोटारीतून रेलकडे जाणारी लवचीक शाफ्ट काढून ती ड्रिलने फिरवता येते.

सीटसोबत तिचे बोल्ट, प्लास्टिकची झाकणं, हीटरची बटणं, वेगळा कंट्रोल बॉक्स असेल तर तो, आणि गाडीच्या बाजूचे प्लग मागे २५-३० सेंमी वायर ठेवून कापून घ्या. पिवळा प्लग मात्र कापायचा नाही. वायरींच्या रंगांचे फोटो काढा. ही बटणं आणि प्लग नंतर सुटे मिळवणं सीट मिळवण्यापेक्षा कठीण जातं.

एअरबॅग आणि पट्टा

आपल्या गाडीत सीटमधली एअरबॅग मुळातच नसेल तर एअरबॅग नसलेलीच सीट निवडा. पाठीच्या बाजूला शिवलेली पट्टी किंवा छाप बघितला की कळतं. फारच चांगली सीट असेल आणि तीत एअरबॅग असेल, तर ते अख्खं एअरबॅग युनिट प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून काढून घ्या. न जोडलेली एअरबॅग म्हणजे बरगडीशेजारी ठेवलेला जिवंत स्फोटक भाग. स्वतः उघडायचा नाही, तापवायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही.

आपल्या गाडीत सीट-एअरबॅग असेल तर त्याच गाडीची, त्याच पिढीची सीटच घाला. प्लगमध्ये रेझिस्टर लावून डॅशबोर्डवरचा दिवा विझवण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. तिने दिवा विझतो, पण एअरबॅगच्या कंट्रोलरला वाटतं एअरबॅग जागेवर आहे आणि आतल्या माणसाला संरक्षण मात्र नसतं. पुढे ती गाडी विकत घेणाऱ्याला तर हे कळणारही नाही. प्रवासी सीटखाली वजन ओळखणारा संवेदक असेल तर तो त्या विशिष्ट फोमसकट जुळवलेला असतो. दुसऱ्या कुशनखाली तो सरकवला तर मोठा माणूस बसूनही समोरची एअरबॅग बंद राहू शकते, किंवा लहान मूल असताना चालू.

पट्ट्यांचा नियम सोपा आहे: पट्टा आणि बकल एकाच जोडीचं हवं. आपल्या गाडीचं बकल तळाला लावलेलं असेल तर ते तिथेच ठेवा आणि नव्या सीटवरचं बकल काढून टाका. आपलं बकल सीटच्या सांगाड्यावर असेल तर नव्या सांगाड्यावरही कारखान्यातूनच तसं भोक हवं, आपण पाडलेलं चालणार नाही. पट्ट्याचे बोल्ट बहुतेक गाड्यांत ७/१६ इंची, इंचाला २० आटे असलेले यूएनएफ (बारीक इंची आट्यांचे) असतात. दिसायला जवळचा मेट्रिक बोल्ट जोर लावून घातला तर आटे जातात आणि वरून कळतही नाही. पट्टा पाठीतूनच निघतो अशा सीट जुन्या गाडीत घालूच नका. धडकेत माणसाचा सगळा भार रेलमधून तळाच्या पत्र्यावर येतो आणि जुन्या गाडीचा तळ त्यासाठी बांधलेला नसतो.

सीट तळाला धरवणं

कार्पेट उचला आणि बोल्टांभोवतीचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर आधी पत्र्याचं काम, सीट नंतर.

भोकं जुळली तर प्रश्न मिटला. नाही जुळली तर पहिला पर्याय म्हणजे आपल्या गाडीच्या रेल नव्या सीटच्या सांगाड्याखाली लावणं. सांगाडा आणि रेल वेगळे होत असतील तर हा सगळ्यात चांगला मार्ग, कारण तळाशी सगळं मूळचंच राहतं. मात्र इलेक्ट्रिक सीटचे पुढेमागे सरकणारे स्क्रू रेलमध्येच असतात, त्यामुळे तेवढी सोय जाते. दुसरा पर्याय मध्ये ब्रॅकेट घालण्याचा. त्यासाठी ५ ते ६ मिमी जाडीची पोलादी पट्टी किंवा अँगल, एम-१० आणि ८.८ किंवा वरच्या प्रतीचे बोल्ट घ्या. उंची भरायला वॉशरची चळत लावू नका, सलग पोलादी बुश लावा. वेल्डिंग करावं लागलंच तर ते मुरलेल्या वेल्डरकडून करून घ्या आणि सीट, फोम, वायरिंग यांपासून लांब करा.

तळाला नवीन भोक पाडणं हा शेवटचा मार्ग. पाडण्याआधी गाडीखाली जाऊन इंधनाची नळी, ब्रेकचा पाइप आणि वायरी कुठून गेल्यात ते बघा. भोकाखाली पोलादी प्लेट हवीच, नुसता मोठा वॉशर पत्रा फाडून वर येतो. मोटारस्पोर्टसाठी एफआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेने घालून दिलेल्या नियमात प्रत्येक बिंदूला किमान ४० चौरस सेंमी आणि ३ मिमी जाडीची पोलादी प्लेट सांगितली आहे. रस्त्यावरच्या गाडीलाही त्याहून कमी लावू नये. प्लेटच्या कडा गोल घासा, टोकदार कडा पत्र्याला कापते. भोकाला सीलंट आणि रंग द्या.

नवख्यांचं काम इथे हमखास फसतं. चारही बिंदू एका पातळीत नसताना बोल्ट आवळले की रेल पिळली जाते. सीट एका बाजूने जड सरकते, किंवा खटका एकाच बाजूला पडतो आणि ब्रेक मारल्यावर सीट तिरकी होते. त्यामुळे बोल्ट आधी हातानेच लावा, सीट पूर्ण पुढे-मागे सरकवा, मग तिरप्या जोड्यांनी थोडं थोडं आवळा आणि पुन्हा सरकवून बघा. जड झाली तर एक बोल्ट ढिला करून कुठे फट पडते ते पाहा आणि तिथे योग्य जाडीचा पोलादी तुकडा द्या. शेवटचा जोर टॉर्क रेंचने, सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे. पुष्कळ गाड्यांत तो ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

हे आवळणं मात्र अगदी शेवटी करायचं. वायरिंग आणि तपासणी सीट उलटी करता येते तोवरच उरका.

वायरिंग

हीटर कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवल्याशिवाय वायर जोडू नका. थर्मोस्टॅटवाली गादी साध्या बटणावर चालते, कारण ती स्वतःच बंद होते. थर्मिस्टरवाली गादी स्वतः कधीच बंद होत नाही. थर्मिस्टर वाचून वीज तोडणारा कंट्रोलर मध्ये हवा. तिला थेट १२ व्होल्ट दिले तर ती लेदर जळेपर्यंत तापत राहते. अलीकडच्या सीटमध्ये हा कंट्रोलर गाडीच्या मुख्य संगणकाकडून लिन नावाच्या जाळ्यावर हुकूम घेतो. जुन्या गाडीत तो हुकूम देणारं कोणी नाही, म्हणून तो कंट्रोलर बाजूला ठेवा आणि सुट्या मिळणाऱ्या हीटर-किटचा कंट्रोलर त्याच्या स्वतःच्या संवेदकासकट वापरा.

आता हिशेब. समजा कुशन १.२ आणि पाठ १.२ ओहम, दोन्ही एकापाठोपाठ जोडलेल्या. एकूण २.४ ओहम. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तर ५.७५ अँपिअर, म्हणजे सुमारे ८० वॅट. दोन सीटना साधारण ११.५ अँपिअर. याच गाद्या चुकून समांतर जोडल्या तर ०.६ ओहम, २३ अँपिअर आणि चौपट उष्णता. म्हणून मूळ जोडणी कशी होती ते फोटोवरून ताडून बघा. जुन्या गाडीचा अल्टरनेटर ४५-५५ अँपिअरचा असेल तर हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर चालू असताना हे ११-१२ अँपिअर झेपतात का तेही मोजा. आयडलवर तो पूर्ण क्षमतेने वीज देत नाही. गाडी ६ व्होल्टची असेल तर या सीटचे हीटर तिच्यासाठी नाहीत.

जोडणीचा क्रम असा:

१. बॅटरीची निगेटिव्ह सोडवा.

२. पॉझिटिव्हवरून २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर घ्या आणि बॅटरीच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ २० अँपिअरचा फ्यूज लावा. फ्यूज वायरीला वाचवतो, आणि बॅटरी ते फ्यूज एवढी वायर संरक्षणाविनाच राहते. केबिनमध्ये नेताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच.

३. ही वायर रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) ३० क्रमांकाच्या टोकाला. ८७ वरून सीटकडे. ८६ ला किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजवरून बारीक वायर, ८५ अर्थला. यामुळे बटण चालू राहिलं तरी किल्ली काढल्यावर बॅटरी उतरत नाही.

४. ८७ पासून दोन फाटे, प्रत्येकावर १० अँपिअरचा फ्यूज, मग बटण किंवा कंट्रोलर, मग सीट. आपल्या गादीचा हिशेब वेगळा आला तर फ्यूज चालू प्रवाहाच्या सव्वापट किंवा त्याच्या लगतचा वरचा घ्या.

५. अर्थ वायर तितक्याच जाडीची. रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर स्वतंत्र बोल्टने लावा. सीटच्या रेलवर अर्थ घेऊ नका, तिथे ग्रीस आणि रंग असतो.

६. मोटारींना हीटरच्या वायरीतून वीज देऊ नका. ४ चौरस मिमीची वेगळी वायर आणि ३० अँपिअरचा ब्रेकर द्या. सीट टोकाला जाऊन अडली की मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते.

सगळे जोड क्रिम्प करून (टर्मिनल पकडीने दाबून) हीट-श्रिंक नळीने झाका. पिळून टेप गुंडाळलेला जोड सीटखाली पायांच्या धक्क्यांनी सुटतो. सीटखाली वायरीला ढील ठेवा, ती जाळीदार नळीत घाला आणि सांगाड्याच्या न हलणाऱ्या भागाला बांधा. मग सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, पूर्ण वर, पूर्ण खाली नेत टॉर्चच्या उजेडात बघा: वायर कुठेही ताणली किंवा चिमटली जायला नको.

तापमानाची तपासणी

सीट बाहेरच असताना बॅटरी आणि फ्यूज लावून हीटर चालू करा. दोन-तीन मिनिटांत ऊब जाणवली पाहिजे. वर घडी घातलेली चादर आणि माणसाच्या वजनाइतकं ओझं ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालवा, कारण माणूस बसल्यावर उष्णता दबून राहते. तापमापक पाच-सहा ठिकाणी लावा. ३८ ते ४२ अंशांवर येऊन हीटर स्वतः चालू-बंद होऊ लागला तर ठीक. ४५ ओलांडले तर लगेच बंद करा. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ४४ अंशांची उष्णताही सलग सहा तास राहिली तर त्वचा भाजते असं दिसलं होतं. मधुमेहामुळे किंवा मणक्याच्या इजेमुळे ज्यांना पाय-पाठीची जाणीव कमी आहे, त्यांना चटका कळत नाही. घरात असं कोणी असेल तर त्या सीटचा हीटर जोडूच नका.

एखादीच रेघ किंवा ठिपका जास्त गरम लागला तर तिथे तारेचे काही धागे तुटलेत आणि उरलेल्यांवर भार येतोय. गादीच्या आत डाग मारून ती जोडायची नाही, गादी बदलायची. त्यासाठी कव्हर फोमला धरणाऱ्या धातूच्या कड्या कापाव्या लागतात आणि नव्या कड्या खास पकडीने लावाव्या लागतात. नवी गादी फोमच्या वर, लेदरच्या खाली सपाट चिकटवा. कव्हर आत ओढणाऱ्या खाचेत ती दुमडली जायला नको. तारेची गादी कापता येत नाही. कार्बनची कापता येते, पण फक्त किटच्या पत्रकात दाखवलेल्या दिशेने.

लेदरची साफसफाईही याच वेळी करून घ्या. सौम्य साबणाचा फेस, मऊ ब्रश, लगेच कोरडं कापड, मग पातळ थर कंडिशनरचा. भोकांच्या लेदरवर क्रीम कापडाला लावून पुसा, थेट ओतलं तर भोकं बुजतात. आणि मागचं सामान घ्यायला सीटवर गुडघा टेकवून चढायची सवय सोडा. हीटरच्या तारा बहुतेक वेळा त्यानेच तुटतात.

बसवल्यानंतर येणाऱ्या तक्रारी

माणूस बसल्यावरच फ्यूज उडतो: वायर सांगाड्याला घासते आहे, कुशनखालच्या स्प्रिंगपाशी शोधा. हीटर मंद तापतो: चालू असताना सीटच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. इंजिन चालू असून १२.५ पेक्षा कमी असेल तर आधी अर्थ बघा, मग वायरीची जाडी. थोडा वेळ तापून बंद होतो आणि गार झाल्यावरही चालू होत नाही: प्लगमधली पिन गरम होऊन ढिली पडली आहे, प्लास्टिक पिवळं किंवा वितळलेलं दिसेल. एअरबॅगचा दिवा लागला: मोडतोड न करता बॅटरी सोडवा, थांबा, पिवळा प्लग नीट बसलाय का बघा. तरी राहिला तर गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्याकडे न्या.

गाडी एखादा आठवडा वापरून झाल्यावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, कारण ब्रॅकेट आणि रंगाचे थर बसतात तसा ताण उतरतो. त्याच वेळी मुख्य फ्यूजला हात लावून बघा. तो कोमट असेल तर चालेल, चटका देत असेल तर फ्यूजच्या पकडीतला जोड ढिला आहे.